अंगठ्याच्या भरवशावर

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गावांत शनिवारी सकाळी कुणाच्या तरी गॅरेजपुढे जुन्या वस्तूंची विक्री मांडलेली असते. मुलांच्या सायकली, गवत कापायचं यंत्र, झाकण हरवलेली भांडी यांच्या गर्दीत बरेचदा एक वस्तू दिसते: बेकेलाइटच्या दोन काळ्या चकत्या, त्यांना जोडणारे क्रोमचे दांडे, मध्ये दोऱ्याने भरलेला स्पूल आणि हँडलच्या बुडाशी चांदणीच्या आकाराचं चाक. ‘पेन’ कंपनीचं ‘स्क्विडर’, ‘सर्फमास्टर’ किंवा ‘जिगमास्टर’. विकणाऱ्याला ते मासेमारीचं आहे आणि वडिलांचं आहे, एवढंच ठाऊक असतं. दोन माणसांच्या जेवणाच्या किमतीत ते मिळतं. घरी आणून उघडलं, हिरवट मीठ आणि मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस खरवडून काढलं, तेलाचे दोन थेंब दिले, की साठ वर्षांपूर्वी जसं फिरत होतं तसं ते फिरायला लागतं.

हे पुस्तक अशा रिळांविषयी आहे आणि ती जिथे वापरली जातात त्या फुटणाऱ्या लाटांविषयी आहे. सर्फ फिशिंग म्हणजे होडीशिवाय, पुळणीवर, खडकावर किंवा कमरेइतक्या पाण्यात उभं राहून लांब काठीने आमिष फेकणं. आपल्याकडे कोकणात गरवायला बसलेला माणूस खडकावरून हातानेच दोरी भिरकावतो. तत्त्व एकच, फरक अंतराचा. इथे मासा बऱ्याचदा शंभर-दीडशे मीटरवरच्या वाळूच्या दांड्यापलीकडे असतो, आणि तिथवर शंभर-दोनशे ग्रॅमचं शिसं आमिषासकट पोचवायचं असतं. ते पोचवण्याची दोन साधनं आहेत. आज बहुतेकांच्या हाती दिसतं ते स्पिनिंग रील. त्यात स्पूल स्थिर असतो आणि दोरा त्याच्या कडेवरून वेटोळी सोडत जातो. दुसरं म्हणजे कन्व्हेन्शनल रील. त्यात स्पूल काठीला आडवा बसलेला असतो आणि फेकीच्या वेळी तो स्वतःच गरगरा फिरतो. पहिलं एका दुपारी शिकता येतं. दुसऱ्याला एक उन्हाळा लागतो, आणि तोही पुरेलच असं नाही.

ही अडचण नेमकी कशात आहे ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं पुस्तक तिच्याभोवती फिरतं. फेकीच्या शेवटी काठी सरळ होते आणि शिसं सुटतं ते जबरदस्त वेगाने. सेकंदाला ४० मीटर धरा. स्पूलवरच्या दोऱ्याचा व्यास ५ सेंटिमीटर असेल तर त्या क्षणी स्पूल सेकंदाला अडीचशेहून जास्त फेरे घेत असतो. इथवर सगळं ठीक असतं, कारण पुढे शिसं ओढतंय आणि मागे स्पूल देतोय. पण हवा शिशाला अडवायला लागते. शिशाचा वेग उतरतो. स्पूलला मात्र कुणी अडवलेलं नसतं, तो स्वतःच्या जडत्वाने त्याच तोऱ्यात फिरत राहतो. मग मागणी कमी आणि पुरवठा जास्त अशी स्थिती येते. संक्रांतीला पतंग गोत खातो आणि आसारी मात्र फिरतच राहते, तेव्हा मांज्याचं जे होतं तेच इथे होतं, फक्त डोळ्याचं पातं लवायच्या आत. स्पूलवर दोऱ्याच्या सैल कड्या उभ्या राहतात, एकमेकींत अडकतात, स्पूल झटक्यात थांबतो आणि शिसं दोरा तोडून एकटंच युरोपच्या दिशेने निघून जातं. उरतो तो गुंता. त्याला इथले लोक पक्ष्याचं घरटं म्हणतात. रात्री दोन वाजता, समोर मासे पाणी उसळवत असताना, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी तो सोडवणाऱ्याला पक्ष्याबद्दल फारसं प्रेम वाटत नाही.

यावर जुन्या रिळांत उपाय एकच: अंगठा. फेकताना तो स्पूल घट्ट दाबून धरतो. नेमक्या क्षणी उचलतो. लगेच पुन्हा टेकतो, पण इतका हलका की दोऱ्याचा वरचा थर त्वचेला जेमतेम लागावा. कडी सैल होऊन वर उठली की ती आधी अंगठ्याला कळते, डोळ्याला नाही. अंधारात तर डोळ्याचा प्रश्नच नाही. समोरून वारा असेल तर दाब थोडा लवकर आणि थोडा जास्त. दोरा ओला असेल तर निराळा. स्पूल अर्धा रिकामा झाला की व्यास घटलेला असतो, त्याचं गणित पुन्हा निराळं. आणि शिसं पाण्याला टेकायच्या किंचित आधी पूर्ण ब्रेक. हे सगळं तीन-चार सेकंदांत. जोराने फेकणाऱ्याचा अंगठा भाजतो, म्हणून काही जण चामड्याची टोपी घालतात, काही जण सायकलच्या ट्यूबचा तुकडा रिळाच्या दांड्याला बांधून तो स्पूलवर दाबतात. दोरा परत गुंडाळतानाही सुटका नाही. या रिळांवर दोरा आपोआप समान पसरवणारी सोय नसते. ती असती तर वाळूने दोन दिवसांत अडकली असती. त्यामुळे डाव्या हाताचा अंगठा दोऱ्याला डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेत राहतो. नाही नेला तर मध्ये ढीग होतो, आणि पुढच्या फेकीत तो ढीग आपला हिशेब चुकता करतो.

मग इतकं कशाला? पुढची प्रकरणं वाचताना हा प्रश्न मनात ठेवावा, असं माझं म्हणणं आहे, कारण याचं भाबडं उत्तर देणारी पुस्तकं इंग्रजीत पुष्कळ आहेत. ती म्हणतात, जुनं ते सोनं. मला ते मान्य नाही. जुनी लिननची दोरी सोनं नव्हती आणि जुने शिकारी-क्लब तर मुळीच नव्हते. माझं उत्तर साधं आहे. हे यंत्र आपल्या कामाचा एक भाग मुद्दाम माणसाकडे सोडतं, आणि तो भाग माणसाने उचलला की त्याला पाण्याची खबर मिळते. अंगठा स्पूलवर असतो म्हणून तळावरून सरकणारं शिसं वाळूतून चाललंय की गोट्यांतून, ते कळतं. बास माशाने आमिषाची ईल तोंडात धरून फक्त वळण घेतलं, अजून गिळलं नाही, हेही कळतं. त्यात दुसरा एक रोकडा फायदा आहे. स्पिनिंग रिळात दोरा गुंडाळताना काटकोनात वळतो. इथे तो सरळ स्पूलवर येतो, त्यामुळे जड वजन आणि जड मासा ओढताना दातेचक्रांची ताकद वाया जात नाही. आठ औंसांचं, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमचं शिसं दिवसभर फेकायचं असेल तर आजही जाणते लोक याच जातीच्या रिळाकडे जातात.

पण उलट बाजूही सांगितली पाहिजे. हलकी आमिषं, पंधरा-वीस ग्रॅमची, या रिळाने फेकणं म्हणजे हट्ट आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या मॉन्टॉकला पाणबुड्यांचे रबरी पोशाख घालून, पोहत खडकांवर जाऊन मासे धरणाऱ्यांची एक जमात आहे. त्यांची रिळं प्रत्येक लाटेबरोबर पाण्याखाली जातात. त्यांना पाणी आत शिरू न देणारी आधुनिक स्पिनिंग रिळंच लागतात. तिथे स्क्विडर नेणाऱ्याने दर रात्री ते उघडून धुवायची तयारी ठेवावी.

आता थोडं मागे जाऊ. घड्याळजींनी आपलं काम नेटकं केलं नसतं तर या रिळाचा जन्मच झाला नसता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात केंटकी राज्यातल्या पॅरिस नावाच्या गावी जॉर्ज स्नायडर हा घड्याळं आणि चांदीकाम करणारा कारागीर होता. हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे अनेक फेरे व्हावेत अशी दातेचक्रांची रिळं इंग्लंडात आधीच होती, पण ती खडखडणारी आणि कच्ची. स्नायडरने घड्याळजीच्या हाताने ती बनवली आणि स्पूल इतका मोकळा फिरायला लागला की त्याच्यावरून थेट फेकता येईल. समुद्र तिथून शेकडो मैल लांब. केंटकीतली ही कल्पना न्यूयॉर्कच्या कारागिरांनी उचलली, मोठी केली, आणि खाऱ्या पाण्याजवळ आणली. त्यांत फॉम होफ घराण्याचं नाव सगळ्यांत मोठं. एडवर्ड न्यूयॉर्कमध्ये, ज्यूलियस ब्रुकलिनमध्ये. कडक काळ्या रबराच्या चकत्या आणि जर्मन सिल्व्हरच्या कडा असलेली त्यांची रिळं आज लिलावात दागिन्यांसारखी विकली जातात आणि दागिन्यांसारखीच कपाटात पडून राहतात. त्यांच्याविषयी या पुस्तकात फारसं नाही.

ही रिळं घेऊन श्रीमंत लोक कुठे जात? मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडच्या दक्षिणेला एलिझाबेथ बेटांची माळ आहे. तिच्या टोकाला कटिहंक. १८६४ साली न्यूयॉर्कच्या काही धनिकांनी तिथे स्ट्राइप्ड बास मारण्यासाठी क्लब काढला. बास हा इथला राजा मासा, अंगावर सात-आठ काळ्या रेघा, तीस वर्षांपर्यंत जगणारा; पंधरा किलोपुढचे जवळजवळ सगळे मासे माद्याच असतात. क्लबवाल्यांनी खडकांवरून लाटांच्या तोंडापर्यंत लाकडी फळ्यांचे अरुंद पूल बांधले. कोणत्या पुलावर कुणी उभं राहायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरे. बरोबर एक स्थानिक नोकर असे. त्याचं काम मेनहेडन मासळीचे आणि लॉबस्टरचे तुकडे करून पाण्यात भिरकावत राहणं, म्हणजे बास जवळ येतील. शेवंडीसारखा जिन्नस चारा म्हणून समुद्रात ओतणारी ही मंडळी होती, हे वाचून मालवणच्या माणसाला काय वाटेल ते मी लिहीत नाही. राष्ट्राध्यक्षांची ऊठबस या क्लबात होती. शतक संपता संपता मासेच येईनासे झाले आणि क्लबाचा रंग उतरला. इमारत अजून उभी आहे, तिथे पाहुणे उतरतात.

कटिहंकने एक गोष्ट मात्र मागे ठेवली: दोरा. ऱ्होड आयलंडमधल्या अ‍ॅशवे कंपनीने (स्थापना १८२४) या मासेमारीसाठी आयरिश लिननची पिळाची दोरी तयार केली आणि तिचं नावच ‘कटिहंक’ पडलं. पदरांवरून तिची ताकद मोजत. एक पदर म्हणजे ओल्यात तीन पौंड, नऊ पदरी म्हणजे सत्तावीस. लिनन ओलं झाल्यावर अधिक मजबूत होतं, म्हणून फेकण्याआधी स्पूल भिजवून घेत. पण खाऱ्या पाण्याने ते कुजतं. प्रत्येक रात्रीनंतर शेकडो वार दोरा रिळावरून उतरवायचा, गोड्या पाण्यात धुवायचा, मोठ्या लाकडी चौकटीवर वाळत घालायचा आणि पुन्हा भरायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं आणि हा जाच संपला. जुन्या साधनांवर जीव असलेला एकही माणूस लिननकडे परत गेलेला माझ्या पाहण्यात नाही. प्रेमालाही मर्यादा असते. तीच अ‍ॅशवे कंपनी आज बॅडमिंटनच्या रॅकेटची तात बनवते. पुण्या-ठाण्याच्या कोर्टांवर स्मॅश मारणाऱ्यांनी हे नाव पॅकेटावर वाचलेलं असेल.

काठीची गोष्ट तर आपल्याच घरातून निघते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गळाच्या काठ्यांसाठी जो बांबू नावाजलेला होता त्याला सगळे ‘कलकत्ता’ म्हणत, कारण तो त्या बंदरातून जहाजांवर चढे. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिप या बंदूक बनवणाऱ्या कारागिराने १८४० नंतरच्या काळात बांबूच्या चिरफाळ्या एकत्र चिकटवून काठ्या बनवायला सुरुवात केली, त्या याच बांबूच्या. हा भरीव नर-बांबू. विदर्भात ज्याला मानवेल म्हणतात तो याच जातीचा. पुढे चिरफाळ्यांच्या काठ्यांसाठी चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. समुद्रावर मात्र अखंड कलकत्ता आणि ब्रह्मदेशचा बांबू बराच काळ टिकला, कारण तो स्वस्त होता आणि मोडला तर दुसरा मिळे. त्याच्यावर शेकाचे काळे डाग असत. न्यू जर्सीच्या पुळणीवर उभा राहून तो वाकवणाऱ्याला हा कुठल्या रानातला, हा विचार सुचला असेल असं वाटत नाही. मला तो सुचतो, एवढंच. फायबर ग्लासने बांबू संपवला. आर्थर हॉवल्ड नावाच्या संशोधकाने युद्धकाळात आपली मोडलेली बांबूची काठी दुरुस्त करताना काचतंतू वापरून पाहिले, आणि युद्ध संपल्यावर शेक्सपिअर कंपनीने त्यातून ‘वंडररॉड’ बाजारात आणली. मधाच्या रंगाच्या त्या काळच्या काठ्या आजच्या कार्बनच्या काठ्यांपेक्षा जड आणि संथ आहेत. जुन्या रिळाबरोबर मला त्याच बऱ्या वाटतात: वेग हळूहळू चढतो आणि अंगठ्याला तयारीला वेळ मिळतो.

रिळातली एक मोठी उणीव विसाव्या शतकापर्यंत तशीच राहिली होती. मासा पळाला की स्पूलबरोबर हँडलही उलटं गरगरे आणि बोटांची सालं काढी. ब्रेक म्हणून चामड्याचा तुकडा स्पूलवर दाबायचा. विल्यम बोशन या शिकारी माणसाच्या कल्पनेवरून ज्यूलियस फॉम होफने रिळाच्या आत चकत्यांचा घर्षण-ब्रेक बसवला. चांदणीसारखं चाक फिरवून तो कमी-जास्त करता येई, आणि मासा दोरा ओढत असला तरी हँडल जागेवर राही. १९१३ साली कॅलिफोर्नियातल्या कॅटलिना बेटाजवळ बोशनने त्याच्यावर तलवार मासा धरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चार्ल्स चर्चने कटिहंकजवळ ७३ पौंडांचा, म्हणजे ३३ किलोंचा बास धरला आणि तो विक्रम जवळजवळ सत्तर वर्षं टिकला. गॅरेजपुढच्या त्या रिळावरची चांदणी ती हीच.

तरीही हे सगळं पैसेवाल्यांचं होतं. ते फिलाडेल्फियाच्या कामगाराच्या हातात आलं ऑटो हेन्झमुळे. हा जर्मनीतून आलेला यंत्रकारागीर आधी दुसऱ्या एका रीळ-कारखान्यात कामाला होता. १९३२ साली, मंदीच्या ऐन मध्यात, त्याने ‘पेन’ काढली. त्याची रिळं दिसायला दागिना नव्हती. काळं बेकेलाइट, पितळेवर क्रोम, दणकट चक्रं, आणि प्रत्येक भागाला क्रमांक. मला या क्रमांकांचं महत्त्व कुठल्याही शोधाहून कमी वाटत नाही. स्प्रिंग तुटली तर कंपनीला क्रमांक लिहून पाठवायचा, टपालाने स्प्रिंग येणार. आणि तीच स्प्रिंग शेजारच्या मॉडेललाही बसणार. दशकं उलटली तरी भाग मिळत राहिले. ‘सेनेटर’ १९३६ साली आलं, खोल समुद्रासाठी. पुळणीवरच्यांचं लाडकं ठरलं ते स्क्विडर. त्याचा एकच स्क्रू सैल करून चकती फिरवली की रिळाच्या दोन फाकी होतात आणि स्पूल बदलता येतो. भर वाऱ्यात, ओल्या हातांनी. आजच्या महागड्या रिळांचं झाकण उघडायलाही कंपनीच्या माणसाची परवानगी लागते की काय असं वाटतं, तेव्हा हेन्झची आठवण येते.

युद्धानंतरची पंधरा-वीस वर्षं या मासेमारीचा बहर होता. केप कॉडवर लोक जुन्या फोर्ड गाड्यांची टायरं मऊ करून वाळूत हाकायला लागले, त्यांतच झोपायला लागले. १९४९ साली अशा गाडीवाल्यांची मॅसॅच्युसेट्समध्ये संघटना झाली. केप कॉड कालवा १९१४ साली खुला झाला तो जहाजांसाठी, पण त्याचा सात मैलांचा खोदलेला पट्टा आणि त्यातून दोन्ही दिशांनी सुटणारी भरती-ओहोटीची जोरकस धार बासला फारच मानवली. याच कालव्यात बॉब पॉन्ड याला कुणाचा तरी तुटून तरंगत आलेला लाकडी मासा, म्हणजे प्लग, सापडला आणि त्यावरून त्याने आपले ‘अ‍ॅटम’ प्लग बनवले, असं सांगतात. स्टॅन गिब्ज कालव्याकाठीच राहून लेथवर प्लग कातायचा. त्याआधीपासून कथलाचे चमकते मासे ओतून वापरायची पद्धत होती. त्यांना ‘स्क्विड’ म्हणत आणि काळे पडले की ओल्या वाळूने घासून लख्ख करत. यावरचं प्रकरण पुस्तकात सगळ्यांत लांब झालं आहे. ते कापून छोटं करा, असा सल्ला मिळाला होता. मी मानला नाही.

आणि याच बहरात स्पिनिंग रील आलं. फ्रान्सचं ‘मिशेल’ युद्धानंतर लगेच पोचलं, पुढे समुद्रासाठीची मोठी मॉडेलं निघाली. गुंता नाही, भाजका अंगठा नाही, पहिल्याच दिवशी साठ मीटर फेक. मुलांना, नवशिक्यांना किनारा मोकळा झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. स्वीडनच्या स्वेंगस्टा गावातल्या ‘आबू’ने १९५२ साली ‘अँबॅसडर ५०००’ काढून फिरत्या स्पूलला केंद्रोत्सारी ब्रेक दिला, त्याने या जातीची थोडी लाज राखली. पण उत्तरेकडच्या पुळणींवरची मोठी काळी रिळं गॅरेजांत गेली ती तेव्हापासून.

मासेही गेले. १९७३ साली व्यापारी मच्छीमारांनी अटलांटिक किनाऱ्यावर सुमारे दीड कोटी पौंड बास काढला होता. दहा वर्षांत तो आकडा पस्तीस लाखांवर आला. चेसापीक खाडीत, जिथे बहुतेक बास जन्मतात, पिल्लंच दिसेनाशी झाली. सगळ्यांत आधी ओरडणाऱ्यांत अ‍ॅटम प्लगवाला बॉब पॉन्ड होता. त्याने स्वतःची संस्था काढून अंडी तपासायला घेतली. १९८४ साली केंद्राने कायदा केला, १९८५ साली मेरीलँडने बास धरण्यावर संपूर्ण बंदी घातली ती १९९० पर्यंत, आणि १९९५ साली मासा सावरल्याचं जाहीर झालं. गंमत पाहा, विक्रमी मासे याच पडत्या काळात लागले: १९८२ च्या सप्टेंबरात अल मॅकरेनॉल्ड्सने वादळी रात्री अटलांटिक सिटीच्या धक्क्यावरून साडेअठ्ठ्याहत्तर पौंडांचा बास काढला. लहान मासेच नव्हते, म्हातारे तेवढे उरले होते. आता पुन्हा संख्या घटली आहे. २०२३ पासून समुद्रकिनाऱ्यावर २८ ते ३१ इंच लांबीचा एकच मासा ठेवता येतो. त्याहून मोठी मादी सोडावी लागते. आमिष लावलं तर गोल वळणाचा सर्कल हुकच वापरावा लागतो, म्हणजे गळ पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. जुन्या पेटीतले आजोबांचे गळ म्हणूनच भिंतीवर लावावेत. रीळ जुनं, गळ नवा, असा या पुस्तकाचा शिरस्ता आहे, आणि कटिहंकच्या क्लबवाल्यांचं मी त्यात काहीही घेतलेलं नाही, चिठ्ठ्या टाकण्याची रीत सोडून.

कन्व्हेन्शनल रील आजही सर्रास कामात बघायचं असेल तर नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅटरसला जावं, शरद ऋतूत, ईशान्येचा वारा सुटलेला असताना. तिथली पुळण राष्ट्रीय किनारा म्हणून राखलेली आहे. तिथे रेड ड्रम किनाऱ्याला लागतात, तांबूस, शेपटीजवळ काळा ठिपका असलेले. बारा-तेरा फुटी काठ्या, आठ औंसांचं शिसं, त्याला मासळीचं मुंडकं. रांगेत उभे असलेल्यांच्या हाती बहुतेक फिरत्या स्पूलची रिळं. अर्थात आता जास्त करून आबूच्या वंशातली, हलक्या स्पूलची. डेव्हिड ड्यूअलने ७ नोव्हेंबर १९८४ रोजी तिथल्या एव्हन गावाच्या पुळणीवरून ९४ पौंड २ औंसांचा ड्रम धरला, तो जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही. आता त्या राज्यात २७ इंचांवरचा ड्रम ठेवता येत नाही, त्यामुळे मोठे सगळे मोजून, सांभाळून परत पाण्यात जातात.

हे मराठीत कशाला, असं विचारणारे भेटले. न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासच्या गावांत इतकी मराठी घरं आहेत की गणपतीला लेझीम खेळायला पोरं कमी पडत नाहीत. तिथून सँडी हूकची पुळण तासाभराच्या आत आहे, आयलंड बीचचं उद्यान थोडं पुढे. न्यू जर्सीत समुद्रावर गळ टाकायला पैसे भरून परवाना घ्यावा लागत नाही, फक्त दरवर्षी मोफत नाव नोंदवावं लागतं. तरीही आपली माणसं तिथे भजी घेऊन जातात आणि पाय भिजवून परत येतात. दुसरा वाचक कोकणातला. रापण ओढणाऱ्या, पाग टाकणाऱ्या, भांगाचं आणि उधाणाचं पाणी न बघता ओळखणाऱ्या माणसाला लाटांचं वाचन मी शिकवावं असं काही नाही. त्या प्रकरणात मीच त्याच्याकडून घेतलेले शब्द आहेत. हल्ली रत्नागिरी-रायगडच्या खडकांवर तंगूस आणि शिसं सोडून स्पिनिंगच्या काठ्या घेतलेली तरुण मुलं जिताड्याच्या मागे दिसतात. त्यांच्यातल्या एखाद्याने हे वाचून कुठून तरी एक जुनं आडवं रीळ मिळवलं आणि पहिल्या फेकीत मला शिव्या घातल्या, तर पुस्तक योग्य हाती पोचलं म्हणायचं.

काय घ्यावं याविषयी थोडं इथेच, कारण ते वाचल्याशिवाय कुणी खरेदीला निघू नये. चमक बघू नका. क्रोम उडालेलं रीळ उत्तम चालतं. हँडल सावकाश फिरवा आणि दातेचक्रांतून खर जाणवते का ते बघा. चांदणी पूर्ण आवळून दोरा हाताने ओढा; धक्क्याधक्क्याने सुटला तर ब्रेकच्या चकत्या गेल्या, आणि त्या स्वस्तात बदलतात. स्पूल प्लास्टिकचा असेल तर नखाने कडा तपासा. त्या काळचे प्लास्टिकचे स्पूल लिननच्या हिशेबाने बनवलेले होते. नायलॉनचा तंगूस ताणून गुंडाळला की तो आकसत आतून दाब देतो आणि स्पूल फुटतो. धातूचा स्पूल मिळाला तर घ्यावा. कॅलिफोर्नियाच्या कार्ल न्यूवेलने पेनच्या रिळांसाठी बनवलेला अ‍ॅल्युमिनियमचा मिळाला तर भाव न करता घ्यावा. अंगठा नवा असताना स्पूल काठोकाठ भरू नये, पाव इंच मोकळा ठेवावा. आणि पहिले काही दिवस समुद्रावर न जाता मैदानावर, नुसतं शिसं बांधून, निम्म्या ताकदीने फेकावं. आजूबाजूला क्रिकेट चालू नाही याची खात्री करून.

होडीतली मासेमारी, स्पिनिंगची तंत्रं आणि संग्राहकांच्या किमती या पुस्तकात नाहीत. पहिलं प्रकरण रीळ उघडण्याचं आहे. ते वाचायला बसताना जुनं वर्तमानपत्र, बारीक स्क्रूड्रायव्हर, टाकाऊ टूथब्रश, वाटीभर रॉकेल आणि फोन जवळ असू द्या. प्रत्येक भाग काढण्याआधी त्याचा फोटो घ्या, आणि उजवी चकती उचलताना वर हात आडवा धरा, कारण दातेचक्राला उलटं फिरू न देणाऱ्या खटक्याची स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि ती सोफ्याखालीच जाते.